गच्चीवरचे पिक्चर

४ फेब्रुवारी

लिहीन लिहीन म्हणत तीन आठवडे घालवले. वही आणली त्या दिवशी पहिल्या पानावर नुसती सही केली. तीही दोनदा, पहिली बरी आली नाही म्हणून. मग पेन हरवलं. पेन सापडलं तेव्हा लिहायला काही नव्हतं. आता आहे, तर लिहायला नको वाटतंय. म्हणूनच बसलोय.

मी आत्याच्या बाबतीत एक घोळ घालून ठेवलाय. पण तो कळायला आधीचं सांगावं लागेल.

टायरचं दुकान सुटलं, बोटीवरची भांडी घासणं सुटलं, छापखाना तर मीच सोडला — आणि आत्याकडे येऊन पडलो. "पायाला भिंगरी आणि डोक्याला भोक," एवढंच म्हणाली. वरची खोली दिली. कधीपर्यंत राहणार ते विचारलं नाही.

तिच्या गल्लीच्या मागेच ड्राइव्ह-इन थिएटर. म्हणजे मोठं मैदान आणि एका टोकाला तीन मजली पांढरा पडदा. पडदा कसला, भिंतच. लोक गाडीत बसून पिक्चर बघायचे. आवाजासाठी मैदानभर खांब, प्रत्येक खांबाला स्पीकर — तो काढून गाडीच्या काचेला अडकवायचा. विसरभोळे लोक पिक्चर संपला की स्पीकरसकट निघायचे आणि खांब त्यांच्या मागे जायचा. मी लहान असताना बंद पडलं. आता मालकाचा मुलगा जागा विकतोय, पाडण्याआधी एक शेवटचा खेळ करायचाय. मी तिथे गवत कापतो. गवताखाली काय काय निघालं! एक कवळी निघाली. पिक्चर एवढा भारी होता की बाई विसरूनच गेल्या, असं—

जाऊ दे. आत्याचं उद्या लिहितो.

५ फेब्रुवारी

तर आत्या.

गल्लीत गाडी कोणाकडेच नव्हती आणि पायी येणाऱ्याला तिकीट देत नसत. पण गच्च्या होत्या. चित्र फुकट, आवाज शून्य. जुन्या मालकाने चिडून कुंपणाची भिंत वाढवली, तेव्हा गल्लीने पाण्याच्या टाक्या उंच केल्या आणि टाकीवर चढून बसली.

आवाज आत्याचा. ती तेव्हा शाळकरी होती. लहान भावंडं "आता तो काय म्हणाला?" करून जीव खायची, म्हणून तिने सुरुवात केली. मनाचं रचून. हिरो तोंड उघडणार की आत्या बोलणार. पुढे शेजारच्या गच्च्या ऐकायला लागल्या, मग पलीकडच्या, आणि तिला ओरडून बोलावं लागायला लागलं. लग्न झालं, नवरा गेला, घर तेच, गच्ची तीच. मीही ऐकलंय, सात-आठ वर्षांचा असताना. तिच्या पिक्चरमध्ये खलनायक नेहमी कोणाचा तरी चुलतभाऊ असायचा आणि त्याला वाटणीत कमी मिळालेलं असायचं.

गल्लीतल्या शिंपीकाकांनी एकदा परगावी थिएटरात आवाजासकट पिक्चर पाहिला. परत येऊन रागावून सांगत होते म्हणे, की पिक्चरवाल्यांनी सगळं चुकीचं केलंय.

८ फेब्रुवारी

घोळ.

शेवटच्या खेळाला खांबांवरचे स्पीकर नाहीत, ते केव्हाच गंजले. आवाज रेडिओवरून जाणार. ऑपरेटरकाकांनी — हे जुनेच ऑपरेटर, एवढ्या एका खेळासाठी बोलावलेत — मला केबिनमध्ये छोटी पेटी दाखवली. प्रोजेक्टरची वायर पेटीत, पेटीतून आवाज हवेत, गाडीतल्या रेडिओवर अमुक आकडा लावला की झालं. मला कोणी असं काही दाखवलं की पोटात राहत नाही. संध्याकाळी शिंपीकाकांना आकडा सांगितला. फुशारकी, दुसरं काय. म्हणालो, गाडी कशाला, तुमच्या गच्चीवरही लागेल.

दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. जुने रेडिओ निघाले, सेल आणले. लोक मला शाबासकी देतात.

आणि आत्या? तिला कोण ऐकणार आता? एवढ्या वर्षांनी एक शेवटची रात्र होती तिची. ती मी शिंप्याच्या काउंटरवर वाटून टाकली.

९ फेब्रुवारी

आत्याला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि कुकरची शिट्टी लावली. तोंडावरून काही कळेना. रागावली असती तर परवडलं असतं.

११ फेब्रुवारी

ठरलं, शेवटचा खेळ बंदरावरच्या बाईचा. सगळ्यात जास्त चाललेला पिक्चर. शेवटी बाई धक्क्यावर उभी राहून त्या माणसाला बराच वेळ काहीतरी सांगते, तो ऐकतो आणि पायरीवर मटकन खाली बसतो. बस, संपलं. आत्याने त्या बाईच्या तोंडी दरवेळी वेगळं घातलं. एकदा ती म्हणाली, मुलगा तुझाच आहे. एकदा म्हणाली, मी तुला ओळखतच नाही. या दुसऱ्या वेळी गल्लीतल्या बायका दोन दिवस नवऱ्यांशी धड बोलल्या नाहीत म्हणतात.

आत्या आज गल्लीच्या तोंडावरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. कान साफ करून आली. माझ्याशी फार बोलत नाही. जेवताना मी दोनदा विषय काढला, तिने दोनदा वाढलं.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. आत्याची गच्चीवरची खुर्ची खाली आणून ठेवलेली दिसली. म्हणजे ती वर जाणारच नाही.

एक विचार डोक्यात आलाय. वाईट आहे. पेटीत जाणारी वायर एकच आहे.

१४ फेब्रुवारी

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. सजवायचं नाही.

अंधार पडला, गाड्या आल्या, गच्च्या भरल्या. मी केबिनच्या दाराशी, गाड्यांना वाट दाखवायच्या कामावर. पिक्चर सुरू झाला. ऑपरेटरकाका पाणी प्यायला बाहेर आले तसा मी आत शिरलो. पेटीतल्या वायरची नुसती पिन काढून ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं. गच्च्या गप्प होतील. कोणीतरी म्हणेल, अरे, आत्याला बोलवा. ती येईल, एकदा सुरू झाली की थांबत नाही — मग पिन परत लावून टाकू. एवढंच.

पिन घट्ट होती. ओढली ती तुटली. अर्धी हातात, अर्धी पेटीत.

आवाज गेला. मैदानात भोंगे सुरू झाले. काका धावत आले, टॉर्च तोंडात धरून पेटीशी झटत राहिले. सकाळी पिनेच्या जोडाला डाग मीच दिला होता, कच्चा राहिला, माझीच चूक, असं पुटपुटत होते. मालकाचा मुलगा आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साठी बुद्धी नाठी! एक काम दिलं होतं." काका मान खाली घालून उभे. मी शेजारी उभा होतो. माझ्या मुठीत अर्धी पिन होती आणि तोंडात जीभ होती.

मी गच्च्यांकडे बघितलं. आत्या नव्हती. कोणीही हाका मारत नव्हतं.

ती मैदानात होती. दुसऱ्या रांगेत, डॉक्टरीणबाईंच्या गाडीत पुढच्या सीटवर. चांगले कपडे घालून. मी जवळ गेलो तर रेडिओ खरखरत होता आणि ती त्याच्याकडे कान देऊन बसली होती, जणू त्या खरखरीतून काहीतरी येईल. मागच्या सीटवरची डॉक्टरीणबाईंची मुलगी विचारत होती, आजी, ही बाई काय म्हणतेय?

आत्या म्हणाली, "कोण जाणे गं."

मी तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. गल्लीत कोणीच ऐकलं नसेल.

मला बघून म्हणाली, "सगळा जन्म मी मनाचं बोलले. म्हटलं, एकदा तरी ऐकावं, ती खरं काय बोलते ते." हसली. मग म्हणाली, "तू आकडा काढून दिलास म्हणून तर आले. नाहीतर कुठली मी!"

आवाज शेवटपर्यंत आलाच नाही. पडद्यावर बाई धक्क्यावर येऊन बोलायला लागली. बोलली, बोलली. माणूस पायरीवर बसला.

१५ फेब्रुवारी

भंगारवाल्याचा ट्रक येऊन गेला. प्रोजेक्टर, पेटी, रिळांचे डबे, सगळं. मी पोचलो तेव्हा ट्रक नाक्यावरून वळत होता. पळालो. मागे लागून काय सांगणार होतो, कोणास ठाऊक.

पिक्चर फोनवर शोधला, सापडत नाही. दुकानं पालथी घातली. कोणी ऐकलेलाही नाही.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. ती मला समजावतेय — माझं तोंड उतरलंय ना! "अरे, यंत्र आहे, बिघडतं. तू कशाला मनाला लावून घेतोस?" आणि वर म्हणते, त्या बिचाऱ्या ऑपरेटरचं वाईट वाटतं.

ताट तसंच ठेवून वर आलो.

१६ फेब्रुवारी

पडदा पाडायला घेतला. बघायला गेलो नाही. आवाज येतोच.

दोनदा जिना उतरलो सांगायला. एकदा ती आंघोळीला गेली होती. दुसऱ्यांदा समोर होती, तर मी विचारलं, मीठ आहे का घरात. आहे म्हणाली.

निघून जावं असं वाटतं. पिशवी भरली. मग रिकामी केली. आजवर जिथे जिथे नको झालं तिथून उठलो आणि चालू लागलो, त्यात कधी काही वाटलं नाही. यावेळी पिशवीचा बंदच बांधता येईना.

१७ फेब्रुवारी

खाली ऑपरेटरकाका आलेत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. आवाज माझ्यामुळे गेला, म्हणतायत. डॉक्टरीणबाईंकडून त्यांना कळलं आत्या कशासाठी आली होती ते. माफी मागायला दोन बस बदलून आलेत. "ताई, तो खेळ मी इतक्यांदा लावलाय, की बाईचं शेवटचं बोलणं पाठ आहे मला. ऐकता का?"

आत्या जिन्याशी येऊन मला हाक मारतेय. तू आल्याशिवाय त्यांना सुरू करू देत नाही म्हणते.