शनिवारपूर्वी उघडावे

मी, मित्सुयो शिकानाई, वय वर्षे बहात्तर, राहणार शिरोनामी बंदर, शिरोनामी क्रेन्स या बेसबॉल संघाच्या दुसऱ्या फळीच्या वसतिगृहात एकतीस वर्षे स्वयंपाक आणि देखरेख करणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आज सकाळी अठ्ठेचाळीस जणांचा नाश्ता कुणी केला ते विचारावे. माझ्यावर कुणीही जबरदस्ती केलेली नाही. तशी हिंमत असलेला एकच माणूस होता, तो माझा नवरा, आणि त्याला जाऊन बावीस वर्षे झाली.

कलम १. परवा शुक्रवारी सकाळी नऊ वाजता माझ्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया आहे. तिला फुगा आला आहे आणि तो वाढतो आहे. डॉक्टर तरुण आहेत, गोड बोलतात आणि दर वाक्यात 'शक्यतो' म्हणतात. त्या एका शब्दामुळे मी आजच लिहायला बसले.

कलम २. बंदरामागच्या चढावरचे माझे दोन खोल्यांचे घर माझी भाची चिगुसा हिला मिळावे. ती ते विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. मात्र माझ्या धाकट्या दिराला विकू नये. नवऱ्याच्या तेराव्या वर्षश्राद्धाला हा गृहस्थ घराची लांबी-रुंदी पावलांनी मोजत होता आणि मी चहा घेऊन येताच खिडकीबाहेर बघू लागला.

कलम ३. भाताच्या कोंड्यात भाज्या मुरवायचे माझे मातीचे भांडे शेजारच्या टोफूवाल्या हात्सुए कामिमुरा यांना मिळावे. ते रोज एकदा हाताने तळापासून ढवळावे लागते. चमच्याने, पळीने नव्हे. एक दिवस चुकला तर आंबूस वास येतो, तीन दिवस चुकले तर मेलेच. वसतिगृहाला देऊ नये. तिथे पुढच्या वर्षीपासून आहारतज्ज्ञ येणार आहेत आणि ते अन्नाला ग्रॅममध्ये ओळखतात.

कलम ४. पहिल्या संघाचे पिचिंग कोच मुरोझोनो यांना माझी मिठाची बरणी मिळावी. दुसऱ्या फळीकडे असताना सलग अकरा वर्षे ते माझ्या सूपला खारट म्हणाले आणि सलग अकरा वर्षे दुसरी वाटी मागत राहिले.

कलम ५. वसतिगृहाच्या दारात खेळाडूंच्या नावांच्या लाकडी पाट्यांचा फळा आहे. कुणाला पहिल्या संघात बोलावणे आले की त्याची पाटी मी वरच्या ओळीत लावते, परत पाठवला की खाली आणते, आणि ऑक्टोबरात क्लबने कुणाला कायमचे कमी केले की काढून घेते. काढलेल्या पाट्या जाळाव्यात असा क्लबचा हुकूम आहे. मी एकही जाळली नाही. एकशे सात पाट्या माझ्या कपाटात चहाच्या डब्यांत आहेत. ज्याची त्याला टपालाने पाठवावी. सोबत पत्र लिहू नये.

त्यातली साकुमाची पाटी चिगुसाने स्वतः नेऊन द्यावी. साकुमा १९९८ साली आमचा सगळ्यात वेगवान पिचर होता. त्या उन्हाळ्यात तो चेंडू टाकायचा उजवा हात सोडून डाव्या हाताने केस धुऊ लागला. न्हाणीघर माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे, मला दिसायचे. तो म्हणाला, कुणाला सांगू नका, आणि मी सांगितले नाही. मोठ्या मैदानावर तिसऱ्या डावात चेंडू त्याच्या हातातून सुटला आणि हात तसाच लोंबत राहिला. टीव्हीवर आवाज आला नाही. मला आला. आज तो मासळी बाजारात बर्फाची गाडी चालवतो आणि मी दिसले की गाडी थांबवून वाकून नमस्कार करतो. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी जास्त बरी झोपले असते.

कलम ६. माझ्या चारही सुऱ्या मोरिओका येथे खानावळ चालवणाऱ्या हागिनो यास मिळाव्यात. हागिनोचा खांदा दुखतो हे २००७ साली मी कोचना सांगितले, कारण साकुमा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. क्लबने त्याला ऑक्टोबरात कमी केले. पहिल्या संघात एकही चेंडू न टाकता तो घरी गेला. पुढे कळले की नुसता स्नायू आखडला होता, तीन आठवड्यांत मोकळा झाला. मी पाठवलेले लोणचे त्याच्या आईने न उघडता परत केले. सुऱ्याही परत आल्या तर पुन्हा पाठवाव्यात. त्यानंतरही आल्या तर तेल लावून ठेवून द्याव्यात.

कलम ७. आता ज्यासाठी हा कागद घेतला ते.

सेइगो ओरितो, वय एकवीस, उजव्या हाताचा पिचर. हाचिमोरीच्या बाजूच्या एका कोळ्याचा मुलगा. क्लबने त्याला शिकाऊ म्हणून घेतले, पाठीवर तीन आकडी नंबर. शिकाऊ खेळाडूला तीन वर्षे मिळतात आणि त्याचे हे तिसरे होते. जूनच्या सुरुवातीला तो ताटात जेवेनासा झाला. म्हणाला, मावशी, मला भाताचे मुटके करून द्या, आत खारवलेलं फळ घाला. मी दिले. एकदा त्याच्यापुढे वाफवलेले सोयाबीन ठेवले तर एकही दाणा जेवायच्या काड्यांत धरता येईना. माझ्याकडे बघून त्याने वाटी बाजूला सारली. सगळे गेल्यावर मी विचारले.

"करंगळी आणि तिच्या शेजारचं," तो म्हणाला. "कोपरापासून बधिर आहेत."

"ट्रेनरला सांगितलंस?"

"ते विचारतात दुखतं का. दुखत नाही. खोटं कुठं बोललो मी?" मग हसला. "मावशी, दोनच बोटं आहेत हो. आठ शाबूत आहेत की."

चेंडू अंगठा आणि पुढच्या दोन बोटांनी फेकतात. मागची दोन मेली तरी वेग मोजणाऱ्या यंत्राला पत्ता लागत नाही. जेवायच्या काड्यांना लागतो. तो म्हणाला, ऑक्टोबर उलटू द्या, मग मी स्वतः सांगतो. हागिनो आठवला आणि मी गप्प बसले.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. ओरितो त्या महिन्यात ओळीने चार सामने जिंकला. जुलैत वर्तमानपत्राची एक चुणचुणीत बाई आली आणि तिने त्याला विचारले, तुम्ही सगळ्यांसारखं ताटात का जेवत नाही? ओरितोचा चेहरा पांढरा पडला. मीच पुढे होऊन म्हणाले, "शकुन आहे तो त्याचा. मुटके खायला लागल्यापासून हरलेला नाही पोरगा." हे मी जागच्या जागी रचले. मला कुणी विचारले नव्हते, कुणी शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते फोटोसकट छापून आले. आठवडाभरात वसतिगृहातले सगळे मुटके मागू लागले. काड्या धुवायचे काम निम्म्यावर आले. हौशी लोक कुंपणाबाहेर मुटके घेऊन उभे राहू लागले. जुलै संपता संपता क्लबने ओरितोला पक्के करून दोन आकडी नंबर दिला. आता पहिला संघ चौथा आहे, तिसऱ्याच्या एका सामन्याने मागे, आणि पुढच्या फेरीत फक्त तिघेच जातात. रविवारी त्यांच्या भरवशाच्या पिचरची पाठ धरली, दुसऱ्या दोघांना त्यांनी खाली आमच्याकडे पाठवले, आणि सोमवारी ओरितोला बोलावणे आले. शनिवारी दुपारी दोन वाजता मिनातो संघाविरुद्ध पहिला चेंडू तो टाकणार. मैदानावर त्या दिवशी 'ओरितोचे मुटके' विकायला ठेवणार आहेत. मुटक्याभोवती गुंडाळायच्या समुद्री शेवाळाच्या पट्टीवर त्याचा नवा नंबर छापला आहे.

गेल्या आठवड्यात त्याने माझ्या हातून चहाचा पेला घेतला आणि तो तिसऱ्या बोटावरून घसरला. आधी दोन होती.

तरी माझ्या पश्चात चिगुसाने पिचिंग कोच मुरोझोनो यांस कळवावे की शकुन वगैरे काही नाही, ओरितोचा कोपर गेलेला आहे, आणि हे मला जूनपासून ठाऊक होते.

इथवर लिहून झाले आणि दुपारी दोघे साक्षीदार आले. हात्सुए यांची ओळख वर आलीच आहे. दुसरे इवाओ नेझू, निवृत्त अंपायर, माझे वरचे शेजारी. हात्सुए यांनी न वाचता सहीचा शिक्का उघडला. नेझूंनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचले. चाळीस वर्षे निर्णय दिलेल्या माणसाला घाई करता येत नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "हे कधी उघडणार?"

मी म्हटले, मी गेल्यावर. आधी कोर्टात न्यावे लागते, महिना तर जाईलच.

"आणि गेला नाहीत तर?"

"तर कपाटात राहील."

"म्हणजे तुम्ही मेलात तर महिन्यानं कळणार, आणि जगलात तर कधीच नाही." त्यांनी शिक्का परत पिशवीत टाकला. "मित्सुयोबाई, सामना शनिवारी आहे. मी याच्यावर शिक्का मारणार नाही."

मी त्यांना पुष्कळ बोलले. घरात बसून दुसऱ्याची चूक दाखवणे सोपे असते, हेही बोलले. ते ऐकून घेत बसून राहिले. हात्सुए रडू लागल्या. शेवटी मी उठले आणि फोन लावला. कलम ७ मधला निरोप मी माझ्या हयातीत, आज तीन वाजून दहा मिनिटांनी, स्वतः दिला, असे इथे नोंदवते.

मुरोझोनो यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाले, "किती बोटं?"

"दोन. आता तीन."

"तिसरं कुठलं?"

"मधलं."

मग ते म्हणाले, "पाच डाव निघतील. पाच पुरेत." आणि मग अगदी मायेने, "मावशी, तुम्ही ऑपरेशनकडे लक्ष द्या. हे आमच्यावर सोडा."

या माणसाला मी अकरा वर्षे जेवू घातले. कलम ४ रद्द समजावे. बरणी फोडून टाकावी.

त्यानंतर मी वर्तमानपत्राच्या त्या बाईला फोन केला आणि सांगितले की जुलैत मी तुमच्याशी खोटे बोलले. सगळे सांगितले, कोचचे उत्तरही. तिने विचारले, तुमचं नाव घालायचं का? मी म्हटले, घाला, आणि वयही घाला, म्हातारीला चळ लागलाय असं म्हणायला त्यांना सोपं जाईल. उद्या सकाळच्या अंकात येईल असे ती म्हणाली. छापून आल्यावर तरी क्लब त्याला खेळवणार नाही, असे मला कुणी लिहून दिलेले नाही. तिकिटे संपलेली आहेत. शनिवारच्या खेळाडूंची यादी शुक्रवारी चार वाजता लागते, तेव्हा मी भुलीच्या गुंगीत असेन.

एक काम राहिले होते, म्हणून मी वसतिगृहात गेले. ओरितोची बॅग दारात भरून ठेवलेली होती, पाच वाजता गाडी येणार होती. पेपरात वाचण्याआधी त्याने माझ्या तोंडून ऐकावे म्हणून मी त्याला स्वयंपाकघरात बोलावले. त्याने उभ्या उभ्या ऐकले.

"हागिनोचं पण असंच सांगितलं होतं ना तुम्ही?" तो म्हणाला. "तीन आठवड्यांत बरा झाला होता तो."

मी हो म्हटले.

"माझे आई-बाबा बोट बंद ठेवून येणारेत शनिवारी. त्यांना काय सांगू?"

मी म्हणाले की साकुमा बाजारात असतो, जाताना एकदा त्याला बघून जा. त्याने बॅग उजव्या हाताने उचलली, ती सुटली, मग डाव्या हाताने उचलली. हे आम्ही दोघांनीही पाहिले. दारातून तो वळला. आवाज चढवला नाही.

"शुक्रवारी तुमचं काही बरंवाईट झालं, तर मला कळवू नका म्हणावं."

मी म्हटले, "लिहून ठेवते."

कलम ८. म्हणून लिहून ठेवते. माझ्या मरणाची बातमी सेइगो ओरितो यास कळवू नये. त्याला मी काही ठेवलेले नाही, कारण तो घेणार नाही. त्याच्याविषयी वाईट बोलू नये आणि माझ्याविषयी चांगले बोलून त्याला लाजवू नये. कुठून तरी कळून तो आपण होऊन आलाच, तर त्याला बाकीच्यांच्या ओळीत जेवायला बसवावे, त्याच्यापुढे काड्यांऐवजी चमचा ठेवावा, आणि कुणी काही विचारू नये.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि खाडाखोड जिथे आहे तिथे शिक्का मारला.

मित्सुयो शिकानाई (शिक्का)

साक्षीदार:
हात्सुए कामिमुरा, टोफू विक्रेत्या (शिक्का)
इवाओ नेझू, निवृत्त अंपायर. दुसऱ्यांदा पूर्ण वाचून (शिक्का)

शिरोनामी बंदर
रेइवा सहावे वर्ष (२०२४), १८ सप्टेंबर, बुधवार, सायंकाळी सहा