दुसऱ्या जर्सीचा पिवळा रंग

मी, प्रमिलाबाई बन्सीलाल पाटील, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पुरुषोत्तमनगर, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके जागेवर आहे. गुडघे जागेवर नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकील योगेंद्र यांनी सांगितले. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते. ज्याला खात्री करायची असेल त्याने सुई घेऊन यावे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी तो चालू दिला असता का, हे कॉलनीत कोणालाही विचारावे.

योगेंद्र यांनी मला एक तयार मसुदा दिला होता. त्यात घर, दागिने आणि बँक एवढेच होते. माझी खरी भानगड त्यात बसत नव्हती, म्हणून हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. भानगड एका रंगाची आहे. ती कलम चारपासून पुढे येते. घाई असलेल्यांनी तिकडून वाचले तरी चालेल.

कलम १. राहते घर माझा मुलगा नवनीत यास द्यावे. तो समजूतदार आहे, फक्त प्रत्येक गोष्टीला "आई, ते ऑनलाइन मिळते" असे म्हणतो. घराच्या मागचे शेवग्याचे झाड तोडू नये. ते ऑनलाइन मिळत नाही.

कलम २. पाटल्या सून चारुलता हिला आणि बोरमाळ नात रुचिका हिला. बँकेत जे निघेल ते तिघांनी भांडण न करता वाटून घ्यावे. भांडण झाले तर मला वरून दिसणार आहे.

कलम ३. पायाने चालवायचे शिलाई मशीन, मोठी कात्री, आणि भिंतीवर तारेला अडकवलेले जर्सींचे सगळे कागदी नमुने चारुलताला द्यावेत. ती माझ्यापेक्षा सरळ शिवते. हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. कात्रीने कागद कापू नये. नवनीत, हे तुझ्यासाठी.

कलम ४. आता ते नमुने कसले, ते सांगणे भाग आहे, नाहीतर उद्या कोणी रद्दीत देईल.

माझे यजमान कै. बन्सीलाल इथल्या साखर कारखान्यात नोकरीला होते आणि संध्याकाळी कॉलनीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. संघ देशाच्या संघासारखी निळी जर्सी घालायचा. ती मीच शिवायची. एकदा म्हसावदला सामना खेळायला गेले, तर समोरचा संघही निळ्यात. नाणे उडवले, आपले हरले, आणि आपल्या पोरांना जर्सी काढून बनियनवर खेळावे लागले. एकाच्या बनियनला पाठीत भोक होते. तो अख्खा वेळ प्रेक्षकांकडे तोंड करून खेळला.

घरी आल्यावर ह्यांनी ठरवले की दुसरी जर्सी पाहिजे, आणि ती देशाच्या संघाची जी दुसरी जर्सी असते, तशीच पाहिजे. परक्या मैदानावर समोरच्याचा रंग आपल्यासारखाच निघाला तर घालायची, ती दुसरी. कुठूनसे एका वर्तमानपत्राचे मागचे पान मिळाले. त्यात आपल्या देशाचा संघ त्या जर्सीत उभा होता. चित्र काळेपांढरे. कॉलर गडद, अंग फिकट. मी भिंग लावून गळा पाहिला, बटणे मोजली, खांद्याची शिवण कुठे उतरते ते पाहिले. सगळे कळले. रंग कसा कळणार?

माझे धाकटे दीर अमृत हे संघाचे नऊ नंबर. लग्न होऊन मी आले तेव्हा तो हाफ चड्डीत होता, म्हणून इथेही अरे-तुरेच लिहिते. तो नुकताच मुंबईला शिकाऊ म्हणून राहून आला होता. सगळा संघ आमच्या ओसरीवर बसलेला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "वहिनी, पिवया शे. मी मन्हा डोयाघाई देखेल शे." कॉलर कोणत्या रंगाची, तर म्हणे कथ्थई.

मुंबईत जाऊन डोळ्यांनी पाहिलेल्या माणसापुढे काय बोलायचे? शहाद्याच्या बाजारातून मी पिवळे पॉपलीन आणले. केळीचा घड पिकू लागला की पहिल्या दिवशी सालीवर जो रंग चढतो, तो. काखेत चौकोनी तुकडा घातला, नाहीतर हात वर केला की उसवायचे. त्या जर्सीत संघ म्हसावदलाच पुन्हा गेला आणि जिंकला. तेव्हापासून आमचा संघ कुठेही उतरला की पिवळे आले म्हणून बांधावरून पोरे ओरडायची, "पिवया उनात, पिवया!" लहान पोरांना तर वाटायचे की देशाचा संघ आमचीच जर्सी घालतो.

पुढे दर काही वर्षांनी ह्यांना कुठेतरी नवे चित्र मिळायचे. एका चित्रात कॉलर जाऊन त्रिकोणी गळा आलेला दिसला. मी त्रिकोणी गळा केला. एकात बाहीवर पट्टे दिसले. मी कथ्थई पट्टे लावले, आणि नंतर कळले की ती चित्रातली घडी होती. ते पट्टे मी काढले नाहीत. शिवलेले उसवायला मला आवडत नाही.

कलम ५. मग कारखान्याच्या क्लबात रंगीत टीव्ही आला. एका दुपारी देशाच्या संघाचा सामना होता. आम्ही बायकाही मागे सतरंजीवर बसलो होतो. आपला संघ दुसऱ्या जर्सीत मैदानात आला. पांढऱ्याशुभ्र.

मग एकेक मान वळून अमृतकडे गेली. अमृत म्हणाला, "टीव्हीना रंग उडेल शे."

पण मैदानातले गवत हिरवेगार दिसत होते. तेव्हा तो उठला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मी ते पांढराच सांगेल व्हता. वहिनीनी पिवया करी टाका."

मी तिथेच सांगितले की असे झाले नाही. बाईला फुटबॉलमधले काय कळते, असे कोणीतरी म्हणाले आणि लोक हसले. घरी आल्यावर ह्यांनी माझी समजूत घातली, "ऱ्हाऊ दे वं. लोके दोन दिन बोलतीन, मंग भुली जातीन." लोक विसरले नाहीत. त्या जर्सीचे नावच 'प्रमिलाबाईची चूक' पडले. सासरच्या लग्नात, माहेरच्या बारशात, कुठेही गेले तरी कोणीतरी विचारायचे, "पिवळ्यावाल्या त्या तुम्हीच का?" मला त्याचा फार राग यायचा. अजून येतो, पण आता तो जुन्या दुखण्यासारखा आहे, असला तरी जेवण जाते.

अमृतला मी त्याची शिक्षा दिली. साखरेच्या गावात राहून मी त्याला माझ्या घरी बिनसाखरेचा चहा दिला, दर खेपेला. त्याने कधी साखर मागितली नाही. हे मला मान्य केले पाहिजे. आता डॉक्टरांनीच त्याची साखर बंद केली आहे, त्यामुळे तीही शिक्षा गेली.

एक वर्ष मी पांढरी जर्सी शिवूनही पाहिली. आमचे मैदान काळ्या मातीचे. पहिल्याच सामन्यानंतर ती धुवायला घेतलेल्या बायकांनी माझ्या दारात आणून टाकली. देशाच्या संघाला काळी माती नसेल, आम्हाला आहे. पुढच्या हंगामात पुन्हा पिवळे पॉपलीन आले आणि मग कायमचेच राहिले. कापड बदलले, गळा बदलला. मध्ये देशाच्या संघाच्या जर्सी मला इतक्या ढगळ दिसल्या की एकीत दोन खेळाडू मावावेत. मीही तशाच केल्या. आता रुचिका मोबाइलवर चित्र मोठे करून दाखवते, शिवण न् शिवण दिसते, रंगही दिसतो. मी सगळे तसेच्या तसे उतरवते, आणि रंग आमचा घालते. तारेवरचे नमुने ते हे आहेत. एका नमुन्यापासून दुसऱ्यापर्यंत हात फिरवला की माझे सगळे आयुष्य हाताखालून जाते, आणि खरे सांगते, ते बरे गेले.

कलम ६. पिवळा रंग.

आता कॉलनीत पोरांचा संघ राहिलेला नाही, पोरींचा आहे. रुचिका त्यात बचावाला खेळते आणि समोरच्या पोरीला सहसा पुढे जाऊ देत नाही. एका बियाणे विक्रेत्याने पोरींना दोन्ही जर्सी फुकट द्यायचे कबूल केले आहे. पहिली निळी, यावर वाद नाही. दुसरी कोणती, हे क्रीडा मंडळाने येत्या रविवारी सांगायचे आहे. मंडळाचा अध्यक्ष अमृत आहे. त्याने मागच्या बैठकीत सांगितले, "कितला दिन चूक आंगमा घालीसन फिरसूत? पांढराच करा." त्याच्यापुढे कोणी बोलत नाही.

पोरी माझ्याकडे आल्या. रुचिका म्हणाली, "आजी, आम्हले पिवयाच जोयजे. तू मृत्युपत्रमा लिखी दे, पिवया आम्हना." दारात सगळा संघ उभा, कोणाच्या गुडघ्याला माती, कोणाच्या वेणीला गवत. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाच भांडी हलवली.

पण मी विचार केला आणि योगेंद्र यांनाही विचारले. जी वस्तू माझी नाही ती मला मृत्युपत्राने देता येत नाही. पिवळ्याचा दोष इतकी वर्षे माझ्या नावावर लागला, तो माझा नव्हता. आता पोरी पिवळ्यात उतरल्या की लोक टाळ्या वाजवतात आणि कौतुकही माझ्या नावावर घालतात, तेही माझे नाही. मी फक्त शिवला. तो रंग पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाला त्याचा तो आहे. म्हणून हा रंग मी पोरींना देऊ शकत नाही. मला तो फार आवडतो, द्यावासा फार वाटतो, पण तो अमृतचा आहे. त्याचे त्याने पाहावे.

कलम ७. माझ्या उत्तरकार्याला कोणीही टोपी-टॉवेलचा आहेर आणू नये. आमच्या घरातले टॉवेल तालुकाभर फिरून पुन्हा आमच्याच घरी येतात, एकावर तर मी खूण करून ठेवली आहे. त्याऐवजी पोरींच्या दुसऱ्या जर्सीसाठी कापड आणावे. रंग अमृत सांगेल तो. पहिल्या वेळीही त्यानेच सांगितला होता.

कलम ८. माझ्या पत्र्याच्या पेटीत पहिल्या पिवळ्या संचातली नऊ नंबरची जर्सी आहे. टीव्हीच्या त्या दिवशी ती अमृतने माझ्या ओसरीवर फेकली, मी धुऊन ठेवली. दर दिवाळीला ऊन दाखवते. ती कोणालाच देत नाही. पेटीतच असू द्यावी.

कलम ९. वर लिहिल्याप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम रुचिकाने करावे. ती सज्ञान आहे आणि कोणाला घाबरत नाही.

साक्षीबद्दल: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असाच साक्षीदार बरा, असे योगेंद्र म्हणाले. माझ्या ओळखीत असा एकच माणूस ताबडतोब आठवला. नवनीतला पाठवून अमृतला बोलावले आहे. तो ओसरीवर बसला आहे. चहा दिला आहे. आता हे सगळे त्याला मोठ्याने वाचून दाखवणार आणि मग सही करणार.

माझ्या माघारी जे राहील ते वरीलप्रमाणे. जे राहिले नाही त्याबद्दल माझी तक्रार नाही.

लिहून देणार: प्रमिलाबाई बन्सीलाल पाटील (सही)

साक्षीदार १. वहिनीनी सही मन्हासमोर करी. सगयं वाचीसन दखाडं. योगेंद्र वकील म्हणतस, सही कर आणि नाव लिख, बस. पण माले लिखनं शे. पिवया मीच सांगेल व्हता. मुंबईले मी सामना देखाच नही. त्या दिन सगया मन्हाकडे देखी ऱ्हायंतात, 'माले माहीत नही' अशे म्हणता उनं नही. मंग टीव्हीपुढे बी म्हणता उनं नही. मंग इतला वरीस व्हई गयात. वहिनीनी चूक नही. पिवया मन्हा शे. तो मी पोरीसले दिना. रविवारले बैठकमा बी हाईच सांगसू.
अमृत पाटील (सही)

साक्षीदार २. लिहून देणार आणि साक्षीदार क्रमांक एक यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या. साक्षीदाराने एवढे लिहायचे नसते, हे मी सांगितले होते. तसेच नोंद करतो की कलम आठमधील जर्सी लिहून देणार यांनी आज माझ्यासमोर पेटीतून काढून श्री. अमृत यांच्या हातात दिली, त्यामुळे ते कलम आता गैरलागू समजावे. जर्सी त्यांना पोटावर बसत नाही. तरी ती घालूनच ते घरी गेले.
ॲड. योगेंद्र (सही)

स्थळ: पुरुषोत्तमनगर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५