ह्यांनी त्या मळ्यात थेंबही घेतला नव्हता

मी, मधुमती शशिकांत कुंभोजकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार हाउन्सलो, लंडन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. रागाने मात्र लिहीत आहे, आणि त्याला कायद्याची हरकत नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझं राहतं घर मागच्या बागेसह माझी नात दिया हिला द्यावं. मुलगा सुश्रुत हयात असताना नातीला का, असं कोणी विचारेल, म्हणून कारण नोंदवते.

माझे पती शशिकांत तासगावच्या द्राक्षबागायतदाराचे चिरंजीव. विमानतळावर इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण बोलणं सगळं बागेचं. ऐन लंडन शहरात, जुन्या मठाच्या भिंतीआड शेकडो वर्षांचा द्राक्षमळा आहे, हे कळल्यावर त्यांनी तिथे जायचा ध्यासच घेतला. मळ्याचं नाव लिहू नका, असं वकीलबाई म्हणाल्या. नाही लिहीत. ह्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सुश्रुतने तिकिटं काढली, आणि आम्ही दोघं, तो आणि दिया असे गेलो.

वेलींच्या ओळींतून फिरताना हे गाइडला सांगत होते की आमच्याकडे छाटणी दोनदा, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. चेहरा नुसता फुलला होता. मग चाखायला वाइन आली. ह्यांनी द्राक्षाचा रस मागून घेतला, कारण जन्मात दारूला शिवले नव्हते. थोड्या वेळाने ह्यांचे शब्द अडखळायला लागले. हातातून ग्लास सुटला. गाइड हसून म्हणाला, "समबडी हॅज एन्जॉइड द टेस्टिंग!" सगळे हसले. सुश्रुतही हसला.

"ही डझ नॉट ड्रिंक!" मी ओरडले. तरी मळ्याच्या दोन माणसांनी ह्यांना काखेत धरून फाटकाबाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. मोकळ्या हवेत उतरेल म्हणे. सुश्रुत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, प्लीज सीन करू नकोस. बाबांनी चुकून दुसऱ्याचा ग्लास घेतला असेल. सगळे बघतायत."

दिया आजोबांसाठी काही घ्यायला दुकानात गेली होती. ती परत आली, एकदाच बघितलं आणि किंचाळली, "बाबा, आजोबांची तोंड वाकडी झालीये! हा स्ट्रोक आहे, अँब्युलन्स बोलव, नाऊ!" तिचं व्याकरण चुकलं. त्या अख्ख्या मळ्यात बरोबर बोलणारी ती एकटीच होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं? उत्तर मी दिलं. हे त्यानंतर दोन वर्षं जगले, पण एक शब्द बोलू शकले नाहीत.

२. मळ्याच्या व्यवस्थापनाने 'गैरसमजाबद्दल खेद' असं कार्ड लावून वाइनची पेटी पाठवली, ती जिन्याखाली तशीच बंद आहे. निर्व्यसनी माणसाला दारुडा ठरवायचं आणि वर भेट म्हणून दारूच! ही पेटी सुश्रुतने स्वतः नेऊन परत करावी आणि चारचौघांत मोठ्याने सांगावं, "माय फादर वॉज नॉट ड्रंक." अशी अट कायद्यात टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. मुलाच्या मनात टिकते का, एवढंच बघायचं आहे.

मी माझ्यापुरतं ते केलेलं आहे. हे गेल्यावर तिकीट काढून एकटी गेले. तोच गाइड होता. शेवटी त्याने विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" मी हात वर केला आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळी हकीकत सांगायला लागले.

"मॅडम, धिस इज नॉट द टाइम," तो म्हणाला.

"टाइम तेव्हाच होता," मी म्हणाले. "यू वेस्टेड इट."

या वेळी कोणी हसलं नाही. एका बाईने भरलेला ग्लास तसाच टेबलावर ठेवला. गाइड कानापर्यंत लाल झाला, पण 'सॉरी' काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

३. बँकेतल्या ठेवीपैकी निम्मी सुश्रुतला. मुलगा आहे, वाऱ्यावर सोडत नाही. उरलेली निम्मी, लोकांना स्ट्रोक ओळखायला शिकवणाऱ्या संस्थेला. त्या मळ्याची माणसं शिकायला आलीच, तर त्यांना पहिल्या रांगेत बसवावं.

४. माझ्या पाटल्या सून नीना हिला. तिने ह्यांचं सगळं केलं, आणि या प्रकरणात नवऱ्याची बाजू एकदाही घेतली नाही.

५. ह्यांची तासगावहून आणलेली छाटणीची कात्री दियाला. धार लावायची झाली तर स्वतः लावावी, बाहेर देऊ नये.

६. मी गेल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'शांतपणे निधन' असं कोणीही टाकू नये. मी शांत नव्हते. टाकायचंच असेल, तर मधुमती भांडत गेली, असं टाकावं.

हे सर्व मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं, आणि दोघांच्या देखत खाली सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

मधुमती शशिकांत कुंभोजकर

साक्षीदार: ऋजुता वैशंपायन, शेजारीण
साक्षीदार: अपूर्व दळवी, शेजारी

स्थळ: हाउन्सलो, लंडन
दिनांक: १२ मार्च २०२५