ब्रेकमधलं खोबरेल

मिस्त्री,

गेले तीन दिवस माझ्यावर घोर अन्याय चालला आहे. जुन्या गाडीचा मागचा ब्रेक असा किंचाळतो, की सावेडीतली सभ्य माणसं खिडकीत येऊन माझ्यासारख्या प्रतिष्ठित विनोदी लेखकाकडे कीव करून बघतात. आज अंगणात जॅक लावला, चाक काढलं, ड्रम ओढला. तेवढ्यात बायको खोबरेलाची बाटली घेऊन आली. "थोडं सोडून बघा की." मी तिच्यावर असा ओरडलो, की ती बाटलीसकट आत गेली. तिला कारण कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर. कॅम्पाजवळच्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हौसेनं शिकायला यायचो. वकिलाचा मुलगा, वर्तमानपत्रात चुरचुरीत लिहिणारा. ड्रमच्या आतल्या, चाक दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या शूला हात लावण्याआधी तुम्ही नमाजाला धुवावेत तसे हात धुवायचात, राखेनं घासून, कोपरापर्यंत. मी हसायचो. "हसा, धाकले साहेब," तुम्ही म्हणायचात, "पन हितं तेलाचा हात लागला, तर गाडी थांबायची न्हाई."

आणि त्या रविवारी मला मुलगी बघायला जायचं होतं. आदल्या दिवशीच तुम्ही मागच्या शूंना नवे लायनर बसवले होते. ब्रेक ओरडत होता. "चार दिस बोलंल, मग गप हुईल," तुम्ही म्हणाला होतात. चार दिवस कोणाला होते? घरी ड्रम काढून मी शूंना आईचं खोबरेल चोपडलं. ब्रेक गप्प झाला. भिंगारच्या रस्त्यावर, उताराला, समोर टांगा आला तेव्हाही गप्पच राहिला.

घोडा जागीच मेला. टांगेवाल्याचा पाय मोडला. वडिलांनी विचारल्यावर मी म्हणालो, "कालच मिस्त्रींनी ब्रेक केलेत." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुम्हाला बोलावलं. तुम्ही ड्रम काढलात, शूवरून बोट फिरवलंत, नाकाशी नेलंत. माझ्याकडे बघितलंत. मी घड्याळाला किल्ली देत बसलो. मग तुम्ही वडिलांना म्हणालात, "काम माज्या हातचं हाय, वकीलसाहेब. चूक माजीच."

तेवढ्यावर मी थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्यावर एक खुमासदार लेख लिहिला. नगर पोट धरून हसलं आणि गाड्या दुसऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी मातीलाही आलो नाही.

आज ड्रम तसाच उघडा टाकून त्या टांगेवाल्याकडे गेलो. म्हातारा झालाय, काठीनं चालतो. दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. त्यानं तंबाखू मळायला घेतली.

"मिस्त्री दर शुक्रवारी मशिदीतनं येताना सलाम करायचा मला," तो म्हणाला. "मी मान फिरवायचो. मरोस्तर घेतला न्हाई त्याचा सलाम." मग माझ्याकडे न बघता, "आता त्यो परत कसा करू, तेवढं सांगा. तुमी शिकलेले हायत."

म्हणून हे लिहितोय. टपालात टाकायचं नाही, हे उघडच आहे. त्याचा सलाम, मिस्त्री. तेवढा घ्या. माझा घेऊ नका. तुम्ही हयात असतात, तर मी आजही त्याच्या दारात गेलो नसतो.