बाटरी उतरली

शकू पोरी,

होडीच्या इंजिनाची बाटरी घेऊन यष्टीनं मुरूडला चाललो, मिस्तरीकडून भरून आणतो. पावसाळ्याला होडी वर घेतली तवा ही घरात फळीवर ठेवली. कुणी हात लावला न्हाय, तरी बसल्या बसल्या उतरली. मी "उतरली" म्हणालो, तर तुझ्या आजीनं मीठमिरच्यांनी तिची दृष्ट काढली! मीठ मी पुसलंय, म्हातारीला ओरडू नको.

मागल्या खेपेला भरताना आत डोकावलो. पाणी बुडबुडत होतं, आन् खाली चूल न्हाय, जाळ न्हाय! माझे हात आपसूक जोडले गेले बघ.

नारळी पुनवेला इंजिन लागलं न्हाय, तर सगळ्यांच्या होड्या जातील नि आपलीच वाळूत बसंल. येताना नारळ एकच आणतोय. तो दर्याला द्यायचा का ह्या खोक्याला, आजीला विचारून ठेव.

— बा