पिवळ्या ठिपक्याचा बोल्ट

प्रिय ठिणगी,

हे पत्र माझं आहे, आईचं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पाकिटावरचं अक्षर बघून तू घाबरायला नको. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. तू दर रविवारी फोनवर तिला माझी तब्येत विचारतेस आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून माझीच तब्येत ऐकतो, याला आता सहा वर्षं झाली. मध्ये दोन-तीनदा मी फोन हातात घेतलाही होता. पण मला नेमका तेव्हाच खोकला येतो आणि तुला नेमकं तेव्हाच काम आठवतं. म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिताना खोकला येत नाही, आणि मध्येच कुणी फोन आईकडे देऊ शकत नाही.

आधी गंमत सांगतो, मग मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात सोमवारी गॅरेजवर एक बाई निळी व्हॅन घेऊन आल्या. शाळाशाळांतून बाहुल्यांचे खेळ करतात. गाडी चार महिन्यांपूर्वी जुनी घेतलेली, ऑटोमॅटिक गिअरची. विकणाऱ्याने सांगितलं होतं म्हणे, की गाडी छान आहे, फक्त स्वभावाने जरा हळवी आहे. अशा माणसाला साष्टांग नमस्कार घालावा. तर ही हळवी गाडी थंड असताना मुकाट्याने चालायची. पंधरा-वीस मिनिटं पळाली की एक हिसका द्यायची, समोर पिवळा दिवा लागायचा आणि गिअर तिसऱ्यातच अडकून बसायचा. पुढे नाही, मागे नाही. बंद करून पुन्हा चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी. बाई गेल्या महिन्यात एका चढावर अशा अडकल्या, की शाळेत पोचेपर्यंत मुलं घरी गेली होती. दोन गॅरेजवाल्यांनी त्यांना सांगितलं की गिअरबॉक्स गेला, नवा टाका. नवा गिअरबॉक्स त्या अख्ख्या गाडीपेक्षा महाग. गाडी नाही तर खेळ नाही, आणि शनिवारी तीनशे मुलांसमोर खेळ ठरलेला. बाई हे सगळं हसत हसत सांगत होत्या, पण गाडीची किल्ली काही हातातून सोडत नव्हत्या.

गाडीत एकतीस बाहुल्या होत्या. गाडी वर चढवायची म्हणजे त्या उतरवणं आलं. मग आम्ही त्या आपल्या सायलेन्सर टांगायच्या दांडीवर ओळीने टांगल्या. मधोमध राजा, त्याच्या डाव्या हाताला एक राक्षस आणि उजव्या हाताला गंजलेला पाइप. आई डबा द्यायला आली ती अर्धा तास तिथेच रमली. राणीची साडी उसवली होती, ती तिने तिथेच बसून शिवून दिली. माझा कोपराला भोक पडलेला शर्ट आठवडाभर खुंटीवर होता, तो मात्र कुणाला दिसला नाही.

आता खरं सांगू? लक्षणं ऐकली आणि माझा हात सरळ जॅककडे गेला. गिअरबॉक्स खाली घ्यायचा, उघडायचा आणि काय ते बघायचं. चाळीस वर्षं हेच केलं. तेवढ्यात टेबलामागच्या भिंतीवर नजर गेली. तू खडूने लिहून ठेवलंयस ना, मोजल्याशिवाय खोलायचं नाही, ते अजून तसंच आहे. मी पुसलं नाही. आईला सांगतो की तिथवर हात पोचत नाही. मी जॅक तिथेच ठेवला आणि आईला विचारलं, की पोरीचा वीज मोजायचा जुना मीटर कुठे आहे. तो तिने शिवणाच्या डब्यात जपून ठेवलाय. पदराने पुसून तिने आणून दिला.

तर मी मोजायला लागलो. हसू नकोस. दोन चष्मे लागले, एक लांबचा आणि एक त्याच्यावर. गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाड वाचणारा स्कॅनरही मी आता घेतलाय. स्कॅनर म्हणाला, गिअर सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये बिघाड. पूर्वी एवढं वाचलं असतं तर मी लगेच गिअरबॉक्सला दोष दिला असता, कारण सोलेनॉइड म्हणजे ऑइलची वाट उघडणारे ते छोटे विजेचे व्हॉल्व्ह, आणि ते बसतात गिअरबॉक्सच्या पोटात. पण तू ओरडायचीस ते आठवलं, की स्कॅनर फक्त गल्ली सांगतो, घर आपणच शोधायचं. मग तू करायचीस त्याच क्रमाने गेलो. बॅटरी बघितली, चांगली. अर्थिंगची वायर घासून पुसून घट्ट केली, फरक शून्य. ऑइल लालभडक, जळका वास नाही. गिअरबॉक्सचा सॉकेट उघडला, पिना स्वच्छ. तिथूनच आतल्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजला, गार असताना. मग गाडी वीस मिनिटं फिरवून, दिवा लागल्यावर पुन्हा मोजला. दोन्ही वेळा जिथे असायला हवा तिथेच. म्हणजे ज्याला सगळ्यांनी फासावर लटकवलं होतं तो गिअरबॉक्स बिचारा निर्दोष. उरली ती सॉकेटपासून गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंतची वायर.

त्या वायरीची दोन्ही टोकं सोडवली आणि मीटर वायर आणि बॉडीच्या मध्ये लावला. अशा वेळी मीटरने काहीच दाखवायला नको. मी गाडीखाली, मीटर बाईंच्या हातात. मी वायरिंगचा गुच्छा वीत-वीतभर पुढे हलवत जायचं आणि त्यांनी ओरडून सांगायचं. त्यांना नुसतं सांगवेना. पहिल्या वीतभराला राणीच्या आवाजात काही नाही, दुसऱ्याला राक्षसाच्या आवाजात काही नाही. हसून हसून माझ्या हातातला टॉर्च पडला आणि नाकावर आपटला. खूण अजून आहे. आणि मग गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला, जिथे गुच्छा एका लोखंडी पट्टीखालून जातो, तिथे मी जरा दाबलं आणि बाई एकदम स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, की आकडा आला.

पट्टीजवळची टेप सोडवली. आधी दिसला एक जोड. काळी नळी, आणि तिच्या दोन्ही टोकांना मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन-दोन गाठी. पोरी, प्लॅस्टिकची पट्टी सोडून दोऱ्याने जोड बांधणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलंय. मी गाडीखालून बाहेर आलो, दार उघडून त्याच्या आतल्या कडेला बघितलं. निळ्या रंगाखाली पांढरा रंग, आणि मागच्या दारावर उजेड तिरपा पाडला की लाँड्रीची पुसट अक्षरं. तीच गाडी. नंबर माझ्या ध्यानात नव्हता आणि रंग बदललेला, म्हणून चार दिवस समोर असून ओळखली नव्हती.

तुला सगळं आठवत असेल, तरी लिहितो, कारण आजवर हे फक्त माझ्याच बाजूने सांगितलं गेलंय. लाँड्रीवाल्यांची ती व्हॅन ऑइल गळतंय म्हणून आली होती. गिअरबॉक्स मी उतरवला, सील बदललं, मीच परत चढवला. तेवढ्यात तू त्यातली एक कुजलेली वायर कापून नवी जोडलीस. दोन दिवसांनी गाडी भर रस्त्यात अडकली आणि ओढत परत आली. तू म्हणालीस की माझा जोड पक्का आहे, मला पूर्ण वायरिंग तपासू द्या. मी तपासू दिलं नाही. लाँड्रीवाल्यांसमोर, बाहेर उभ्या दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, की पोरीच्या हातात गाडी दिली ही माझीच चूक. तू मीटर टेबलावर ठेवलास आणि गेलीस. महिन्याभरात दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. लाँड्रीवाल्यांनी गाडी तशीच नेली आणि पुढे विकून टाकली.

तर तुझा जोड मी मोजला. सहा वर्षं, तीन मालक, ऊन, पाणी, तेल. अगदी काल केल्यासारखा. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर, त्या लोखंडी पट्टीखाली, वायर चेपून सपाट झालेली. साल फाटलेली. थंड असताना तांबं लोखंडाला अगदी थोडक्यासाठी टेकत नव्हतं, तापून गिअरबॉक्स हलायला लागला की टेकायचं. म्हणून कधी चालायची, कधी रुसायची, आणि म्हणून खोट कुणालाच सापडली नाही. पट्टीचा बोल्ट होता आणि बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका होता. आवळून झालेल्या बोल्टला पिवळा रंग लावणारा या पंचक्रोशीत मी एकटा. गुन्हा तर केलाच, वर स्वतःच्या हाताने सही करून ठेवली.

वायर मी बदलली. दोन जागी तुझ्यासारखाच दोरा बांधायचा प्रयत्न केला, पण गाठी काही तशा आल्या नाहीत. पट्टीखाली रबर घातलं आणि गुच्छा मोकळा सोडला. मग आम्ही गाडी तासभर फिरवली. बाई चालवत होत्या, मी शेजारी, आई मागे बाहुल्यांमध्ये मांडीवर राणी घेऊन. त्याच चढावर गेलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, लोण्यात सुरी फिरावी तसे गिअर पडले. बाई वर जाऊन थांबल्या आणि त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. शनिवारी आम्हा दोघांना खेळाला बोलावलं होतं. राक्षसाला त्यांनी चक्क दोन चष्मे लावले होते आणि तो दर वाक्याला म्हणत होता की गिअरबॉक्स खोला. तीनशे मुलं खदखदून हसत होती आणि तुझी आई त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

या सोमवारी सकाळी मी लाँड्रीवाल्यांकडे गेलो. दुकान भरलेलं होतं. मुद्दामच त्या वेळी गेलो, कारण तेव्हा मीही चारचौघांत बोललो होतो. सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या गाडीत बिघाड मी केला होता, माझ्या मुलीने नाही, तिचं काम आजही शाबूत आहे. त्यांनी इस्त्री उभी ठेवली. मग म्हणाले की त्यानंतर तिघाचौघांना त्यांनीच सांगितलं होतं, त्या मुलीकडे गाडी देऊ नका म्हणून. हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का? म्हणूनच इतक्या लांब गेलीस का? ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना आता हेही सांगेन असं ते म्हणाले, आणि वर विचारलं की मला सांगायला आलात ते ठीक, पण मुलीला सांगितलंत का.

पत्र इथेच संपवलं असतं तर एक चूक झाली, सहा वर्षांनी कळली, म्हाताऱ्याने कबूल केली, एवढ्यावर मी सुटलो असतो. आईलाही कालपर्यंत एवढंच सांगितलं होतं. काल उरलेलं सांगितलं. ती म्हणाली की हे पोरीला लिहा आणि मगच जेवायला या, त्यामुळे मी सध्या उपाशी आहे. तर ऐक. तो बोल्ट आवळताना शेवटच्या दोन आट्यांना माझ्या हाताला मऊ लागलं होतं. लोखंडावर लोखंड बसतं तेव्हा असं लागत नाही. पाना उलटा फिरवून बघायला हवं होतं. लाँड्रीवाले डोक्यावर उभे होते, घाई करत होते, मी तसाच आवळला. दोन दिवसांनी गाडी ओढत आली तेव्हा मला सगळ्यात आधी तीच जागा आठवली, आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. तू पूर्ण वायरिंग तपासते म्हणालीस तेव्हा मी नाही म्हणालो, ते तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. तुला सापडेल याची खात्री होती म्हणून. तू बरोबर होतीस आणि ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तेव्हापासून मला त्याची लाज वाटते आहे. माझं चुकलं, पोरी.

तुझाच,
बाबा