तेल दिराचं, वाट माझी

मी, नेल्डा फे प्रुइट, डॉयल प्रुइटची बायको, राहणार हार्लन स्प्रिंग्ज गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे, ओक्लाहोमा, हे माझ्या हाताने लिहिते. कचेरीतल्या बाईने 'विधवा' असा शब्द सुचवला होता, तो मी घातला नाही. डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी दारू पाजलेली नाही आणि धमकावलेलंही नाही. कुणी धमकावलं असतं तर त्याचं नावच इथे लिहिलं असतं. पुढच्या आठवड्यात पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतो काळजीचं कारण नाही. डॉयलची तेलकंपनीही त्याला हेच सांगायची, म्हणून लिहून ठेवते. याआधी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी काढून दाखवलं तर ते खोटं.

माझी शाळा नववीत सुटली. चुका सापडतील. सापडल्या म्हणून अर्थ बदलू नये.

कलम पहिले. मला डॉयलच्या शेजारी पुरावं. पाद्र्याने लवकर आटपावं, लोकांना जेवायचं असतं. कंपनीकडून फुलं आली तर दारातूनच परत पाठवावीत. डॉयलच्या वेळी त्यांनी पाठवलेलं फुलांचं चक्र मी डुकरांपुढे टाकलं. डुकरांनीही तोंड लावलं नाही.

कलम दुसरे. राहतं घर मुलगा कोल्बी याला. घर डॉयलने रविवारी-रविवारी बांधलं. दिवसभर टाक्यांमधल्या तेलाची पातळी मापणारा माणूस, पण स्वयंपाकघराची जमीन तिरकी. अंडं ठेवलं की फ्रिजखाली जातं. जमीन सरळ करू नये. मला ती तशीच आवडते.

कलम तिसरे. पिकअप, वेल्डिंगचं मशिन आणि सगळी हत्यारं मुलगी शॉना हिला. पोरीला कशाला हत्यारं, असं माझा थोरला दीर व्हर्जिल म्हणाला. तिने त्याच्या ट्रेलरचा मोडका आस जोडून दिला तेव्हा त्याने हे विचारलं नव्हतं. डॉयलनेच तिला शिकवलं. डॉयल आधी तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या ड्रिलवर होता, महिना-महिना घराबाहेर. तिथे त्याचं एक बोट गेलं. त्या साली कोल्बी झाला. डॉयल म्हणाला, आता बास, संध्याकाळचं जेवण मला घरी पाहिजे. मग कमी पगारावर विहिरींवर फेरी मारायचं काम धरलं. रोज प्रत्येक पंप बघायचा, प्रत्येक टाकीवर चढायचं, झाकण उघडून तेल मापायचं आणि घरी यायचं. हात संत्र्याच्या साबणाने धुवायचा, तरी पावाला तेलाचा वास यायचा. आम्ही तो पाव खाल्ला. शॉनाची एकही मॅच त्याने चुकवली नाही. पंचाशी भांडून दोनदा मैदानाबाहेर काढला गेला, तर कुंपणावर बसून बघितली.

कलम चौथे. दीर व्हर्जिल. सासऱ्याने मरताना वाटणी केली ती इकडच्या रीतीने. खालचं तेल थोरल्याला, वरची माती धाकट्याला. व्हर्जिलने आयुष्यात पंपाला हात लावला नाही, आणि दर महिन्याला तेलाच्या पैशातला हिस्सा त्याच्या घरी येतो. आमच्याकडे दगड, गुरं आणि वाट. व्हर्जिलला मी काहीही ठेवत नाही. खालचं सगळं त्याला आधीच मिळालंय. आणखी खाली जाईल तेव्हा उरलेलंही मिळेल.

कलम पाचवे. फाटक. हे नीट वाचावं.

विहिरींकडे गाडी जाईल अशी एकच वाट आहे, माझ्या जमिनीतून, ओढ्यावरून. दोन्ही बाजूंना खोल कडा. तिथलं फाटक डॉयलने ड्रिलच्या जुन्या पाइपांचं बनवलं, साखळीही ड्रिलवरचीच. साखळीत पाच कुलपं, एकात एक अडकवलेली: आमचं, कंपनीचं, पाइपलाइनवाल्यांचं, विजेवाल्यांचं आणि गावच्या अग्निशमन दलाचं. कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. ज्याने त्याने आपलं उघडायचं, आत जायचं, आणि लावताना आपलं कुलूप दोन्ही शेजारच्या कुलपांत अडकवायचं. इकडची पोरं हे सायकलीच्या आधी शिकतात. एखाद्याने आपलं कुलूप सरळ साखळीच्या दोन कड्यांत घातलं की बाकीची नुसती लोंबकळतात. दिसतात पाच, धरतं एक.

दोन वर्षांपूर्वी कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी नवी कुलपं आणली. त्याच आठवड्यात एक दिवस डॉयल जेवायला आला नाही. फोन उचलेना. मी दलाला कळवलं आणि पिकअप काढली. माझी किल्ली फिरली, कुलूप उघडलं, साखळी तशीच. मागून दलाची गाडी आली. त्यांचीही किल्ली फिरली. साखळी तशीच. त्यांच्या कात्रीचे दात गेले, कडी तुटेना. मी पिकअप फाटकावर घातली. पिकअपचं नाक गेलं, फाटक हललं नाही. डॉयलचं जोडकाम. मग मी फाटकावरून चढून धावत गेले.

तो टाकीच्या शिडीखाली पडला होता. झाकण उघडल्यावर टाकीतला विषारी वायू तोंडावर आला होता. श्वास चालू होता. डोकं मी मांडीवर घेतलं. तिथून फाटकाशी उभी अँब्युलन्स दिसत होती, दिवा फिरत होता. दलाच्या लोकांनी त्याला स्ट्रेचरवर घालून पायी आणलं. ओढ्यात उतरलो तेव्हा श्वास होता. पलीकडे चढलो तेव्हा नव्हता.

साखळी धरून बसलेलं कुलूप नवं, पितळेचं, कंपनीचं होतं. कंपनी म्हणाली, आत गेलेला शेवटचा माणूस प्रुइट, म्हणजे चूक प्रुइटची. मी डॉयलच्या पट्ट्यावरचं जुडगं काढून त्यातली एकेक किल्ली पोलिसासमोर त्या कुलपात घातली. एकही लागली नाही. ती किल्ली त्याला दिलेलीच नव्हती. ती मुकादम ब्लेन कॉफमनकडे होती. त्या सकाळी इमोजीनच्या हॉटेलात अंडी खाताना तो सगळ्यांना सांगत होता की आज नवी कुलपं लावायला निघालोय. डॉयल आत होता, आणि याने त्याच्या मागे कुलूप चुकीचं लावलं.

पोलीस म्हणाला, "बाई, कुलपावर कुणाच्या हाताचं नाव नसतं."

मी म्हटलं, "मग डॉयलचं कुठे वाचलंत?"

तो टोपी घालून गेला.

आता विहिरींवर कुणी कुलूप चुकवलं की लोक म्हणतात, "ए, प्रुइट केलास बघ!" माझ्या नवऱ्याच्या नावाचा हा शब्द झालाय. माझा मुलगा त्याच कंपनीत, त्याच आडनावाने काम करतो. तो ऐकतो आणि हसतो.

कलम सहावे. कंपनीचा वाटेचा करार या वर्षी संपतो. कॉफमन आता साहेब झालाय. कागद घेऊन माझ्या टेबलाशी बसला.

"नेल्डाबाई, सही करा आणि मोकळ्या व्हा."

"मोकळी मी आहेच. अडकलायस तू."

"काय हवंय ते तरी सांगा. रस्ता डांबरी करून देतो."

"दलाच्या मासळीच्या जेवणाला सगळं गाव येतं. तिथे उभा राहून म्हण, ते कुलूप मी लावलं, डॉयलने नाही. एवढं म्हण आणि कागद दे, तिथेच सही करते."

"वकिलांना विचारावं लागेल."

"तुझ्या आईला विचार. ती लवकर सांगेल."

कॉफी अर्धी टाकून गेला. कप मी फेकून दिला.

म्हणून ओढ्यावरची वाट, फाटक आणि दोन्ही बाजूंची माती मी हार्लन स्प्रिंग्जच्या अग्निशमन दलाला देते. त्या दिवशी किल्ली हातात घेऊन ते माझ्याबरोबर बाहेर उभे होते, त्यांना काही समजावून सांगायला नको. अट एकच. कॉफमन वर लिहिलेलं वाक्य गावासमोर बोलेपर्यंत कंपनीशी करार करू नये. तोवर कंपनीने हेलिकॉप्टर आणावं.

मुलांना हा भाग मी मुद्दाम देत नाही. शॉना दूर राहते, तिला दमवतील. कोल्बी आणि त्याची बायको मिस्टी कंपनीचा पगार खातात, त्याला वाकवतील. माझ्यामागे त्याने सही केली असती. तो वाईट नाही, त्याला भांडण आवडत नाही एवढंच.

कलम सातवे. साक्षीदार. खाली जो सही करेल तो माझ्या सहीची साक्ष देईलच, शिवाय कलम पाचवे वाचून ते खरं आहे असंही म्हणेल. ज्याला हे जमत नसेल त्याने पेन उचलू नये.

इमोजीन हॉटेलातून एप्रनसकट आली आणि उभ्याउभ्या सही करून गेली. साक्षीदार दोन लागतात, दुसरा म्हणून मी व्हर्जिलला बोलावलं. सख्ख्या भावाची गोष्ट आहे, म्हटलं एवढं तरी करेल. त्याने वाचलं, चष्मा पुसला.

"नेल्डा, माझं पोट त्या विहिरींवर आहे."

"दिसतंय पोट."

गेला. जाऊन कोल्बीला सांगितलं असणार, कारण तासाभरात कोल्बी दारात. बूट न काढता आत आला आणि उभा राहूनच सगळं वाचलं.

"आई, हे कंपनीच्या हातात पडलं की मला कामावरून काढतील."

"तुझी सही कुठे आहे यावर?"

"नाव आहे ना. मिस्टीला सातवा लागलाय, आई."

"मला डोळे आहेत."

"मग दुसऱ्या साक्षीदाराचं काय करणार तू?"

"बघते. तुझी तर चालतच नाही. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत, कचेरीतली बाई म्हणाली."

तो बसला. सकाळचा मक्याचा पाव होता, तो ताकात कुस्करून खात राहिला. मी लिहीत होते. पाव संपवून म्हणाला, "काल टेक्सासकडचा एक नवीन माणूस आलाय कामाला. मला आडनाव विचारलं. मी सांगितलं तर म्हणाला, अरे, म्हणजे प्रुइट हे खरंच माणसाचं नाव आहे होय!"

"मग? हसलास?"

"नाही. या वेळी नाही हसलो."

वाटी धुऊन ठेवली. आजवर कधी धुतली नव्हती.

"घरातून माझं नाव काढ," म्हणाला.

"कोल्बी, मी बरी होऊन परत आले तरी हे फिरवणार नाही हां. घर गेलं ते गेलं. नोकरीही जाईल. पोर भाड्याच्या खोलीत वाढेल."

"माहीत आहे. काढ म्हटलं ना."

"बायकोला विचार आधी."

"तीच गाडीत बसलीय. म्हणाली, पेन ने, तुझ्या आईचं कधी चालत नाही."

म्हणून कलम दुसऱ्यातलं कोल्बीचं नाव मी रद्द करते. घर शॉनाला. तिला फोन केला. म्हणाली, "भाडं लावू का त्याला?" आणि रडायला लागली. भाड्याचं त्यांनी आपापसात बघावं, मी त्यात पडत नाही.

हे सगळं मी पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. त्यासाठी इमोजीनला परत बोलावलं आणि ती व कोल्बी, दोघांसमोर सही केली.

नेल्डा फे प्रुइट

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, हार्लन स्प्रिंग्ज, ओक्लाहोमा
तारीख: ९ ऑक्टोबर २०१८

साक्षीदार, कलम पाचवे वाचून व खरं मानून:

१. इमोजीन रुथ टॅकेट, हॉटेलवाली

२. कोल्बी डॉयल प्रुइट, डॉयल प्रुइटचा मुलगा. याला या कागदाने काहीही मिळत नाही.